नमुन्यांना हात लावायचा नाही, तर शिकायचं कधी?

सर, नमस्कार.

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूशास्त्र शिकवते. हे माझं पहिलंच वर्ष. फर्स्ट इयरच्या ओपन इलेक्टिव्हला, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या निवडीच्या विषयाला, माझ्याकडे ६२ मुलं आहेत, बरीचशी कॉमर्सची, उरलेली आर्ट्सची. बाकीचे विषय भरले म्हणून बहुतेक जण इकडे आलेत. एक क्रेडिट तासांचं, एक प्रॅक्टिकलचं. 'पहिल्याच दिवशी वचक बसव, नाहीतर डोक्यावर बसतील,' असं विभागप्रमुख म्हणाले, म्हणून मी २१ नियमांचा कागद करून वाटला. पाच मिनिटांनंतर प्रवेश नाही, मोबाइल दिसला तर जप्त, जर्नल उशिरा आलं तर शून्य, एआयकडून लिहून आणलं तर शून्य, फील्ड ट्रिपला न आल्यास नापास, गुणांबाबत चर्चा नाही, वगैरे. १४वा नियम होता, 'नमुन्यांना परवानगीशिवाय हात लावू नये.' तो वाचून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, मग शिकायचं कधी?' अख्खा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण मी रागावल्यासारखं केलं.

शेजारच्या विभागातली मैत्रीण म्हणते, ओपन इलेक्टिव्ह आहे, कशाला मनाला लावून घेतेस, सगळ्यांना पास कर नि मोकळी हो. त्यात एका मुलीच्या आईचा फोन आला, 'डोंगरात वगैरे आम्ही पाठवणार नाही.' कागद मागे घ्यावा तर माझी काय किंमत राहील? ठेवावा तर त्यातले निम्मे नियम मलाच पाळता येणार नाहीत. सेमिस्टर सुरू झाल्यावर नियम बदलता येतात का?

– एक तासिकाबाई, घणसोली

तासिकाबाई, नमस्कार.

मागच्या बाकावरचा तो मुलगा बरोबर बोलला. तुम्हाला हसू आलं तेही बरोबरच. रागावल्यासारखं केलंत ते मात्र वाया गेलं. खरा राग कुठला नि आणलेला कुठला, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं.

नियम १४ तुम्ही का घातला असेल ते मला ठाऊक आहे. नमुने मोजके, नवे घ्यायला पैसे नाहीत आणि डेड स्टॉक रजिस्टर डोक्यावर. फ्ल्युओराइटचा तुकडा पडून एकाचे दोन झाले की वर्षअखेरीला उत्तर कोण देणार? मी ठाण्यात ३४ वर्षं ही रजिस्टरं सांभाळली आहेत. पण बाई, या विषयाच्या पहिल्या वर्षाला हाताखेरीज दुसरं साधन नाही हो. बॅराइटचा पांढरा खडा दिसायला साधा, उचलला की तळहात खाली जातो. शंखजिरं बोटाला साबणासारखं लागतं. जिप्समवर नखाचा ओरखडा उठतो, कॅल्साइटवर उठत नाही. मोह्स नावाच्या माणसानं १८१२ साली कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली, शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत. ती पाठ करून आलेली मुलं दिवाळीनंतर विसरतात. नख, तांब्याचं जुनं नाणं आणि काचेचा तुकडा घेऊन एक दुपार घासत बसलेली विसरत नाहीत.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी काय झालं ते सांगतो. तेव्हा मीही नमुने लांबूनच दाखवायचो, ट्रेमध्ये नंबर घालून. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी नंबर पुसट झालेत म्हणून लॅब अटेंडंटनी नवे चिकटवले आणि चिकटवताना क्रम बदलला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीनं गारगोटीला ऑर्थोक्लेज लिहिलं. विचारलं तर म्हणाली, 'सर, सात नंबर म्हणजे ऑर्थोक्लेज ना?' तिच्या शेजारचा म्हणाला, 'मी नंबर बघतच नाही, सर. ऑर्थोक्लेजचा कोपरा उडालाय.' अख्खं सेमिस्टर मी खनिजं शिकवत होतो आणि मुलं आकडे नि उडालेले कोपरे शिकत होती. पुढच्या वर्षीपासून ट्रे मुलांच्या हातात आणि नंबर दर आठवड्याला उलटेपालटे.

तेव्हा १४ नंबर खोडा आणि त्या जागी लिहा: नमुना टेबलाच्या वरच धरायचा, कठीणपणा बघायचा तर मागच्या अंगाला, एकच बारीक रेघ, फुटला तर लगेच सांगायचं, दंड नाही. शेवटचे दोन शब्द सोडू नका. दंड लावला की फुटलेले तुकडे खिशात जातात आणि रजिस्टरचा प्रश्न होता तिथेच राहतो.

उरलेल्या वीस नियमांना एक चाळणी लावा. कागदावर प्रत्येक नियमासमोर 'कारण' असा रकाना आखा. कारण प्रयोगशाळेत किंवा डोंगरावर मुलांना दाखवता येत असेल तर तो नियम ठेवा. रकान्यात 'नाहीतर डोक्यावर बसतील' एवढंच लिहिता येत असेल तर काढून टाका. त्याआधी, जे नियम तुमचे नाहीतच ते बाजूला करा. ७५ टक्के हजेरी, पास व्हायला ४० टक्के, परीक्षेतली कॉपी, हे विद्यापीठाचं आहे. ते तुमच्या सहीनं कडकही होत नाही आणि सैलही होत नाही. तिथे 'विद्यापीठाचा नियम' असं लिहून मोकळ्या व्हा. मुलांचा राग आपोआप योग्य पत्त्यावर जाईल.

हजेरीचा हिशेब मात्र फळ्यावर मांडून दाखवा, कॉमर्सच्या मुलांना आवडेल. एक क्रेडिट म्हणजे लेक्चरचे १५ तास, प्रॅक्टिकलचे ३०, म्हणजे दोन-दोन तासांची १५ प्रॅक्टिकल्स. १५च्या ७५ टक्के म्हणजे सव्वाअकरा, म्हणजे १२ भरली पाहिजेत. हातात उरल्या तीन दांड्या. त्यातली एक जुलैच्या पावसात रुळांवर पाणी आलं की जाते, एक गणपतीत. उरली एक, ती तापासाठी ठेवा. एवढं सांगितलं की कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर 'मॅडम, आम्हाला माहीतच नव्हतं' हे बंद होतं.

पाच मिनिटांनंतर दार बंद करण्याबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. दिव्याहून, कळव्याहून येणारं पोर ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरनं तुमच्याकडे येतं. एक गाडी चुकली की पंधरा मिनिटं गेली. त्याला दाराबाहेर उभं करून तुम्ही काय शिकवलंत? तासाला उशीर झाला तर मागच्या दारानं गुपचूप येऊन बसावं, हजेरी तासानंतर मांडावी. प्रॅक्टिकलला मात्र पहिल्या दहा मिनिटांत जे सांगितलं जातं ते चुकलं तर चालत नाही, तिथे कडक राहा. का, ते पुढे सांगतो.

गणपतीचा मात्र उपयोग करून घ्या. निम्मा वर्ग गावी जातोच, तुम्ही कितीही डोळे वटारा. येताना गावचा एक दगड आणायला सांगा, मुठीएवढा, सोबत चिठ्ठी: गाव, तालुका, नेमका कुठून उचलला, तारीख. चिठ्ठी नसेल तर दगड घ्यायचा नाही, हा नियम अगदी लोखंडी ठेवा, कारण कुठला ते ठाऊक नसलेल्या दगडाचं भूशास्त्रात काहीही होत नाही. देवळाचा, किल्ल्याचा किंवा राखीव जंगलातला दगड आणायचा नाही, हेही आधीच सांगा. माझ्याकडे कणकवलीहून जांभा यायचा, जळगावकडून विहीर खणताना निघालेले झिओलाइटचे स्फटिक, वणीहून कोळसा. साताऱ्याची मुलं हटकून काळवत्री, म्हणजे काळा बेसॉल्ट, आणायची आणि जांभ्याशेजारी ठेवल्यावर वर्गात वाद सुरू व्हायचा की दोन्ही महाराष्ट्राचेच, मग एक काळा नि एक लाल कसा. काळ्याचाच ऊन-पावसानं लाल झालाय, हे मी सांगायच्या आत कुणीतरी बोलून जायचं. दांडीचा दंड वसूल करण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या पत्रात २१ नियमांची इतकी चर्चा आहे, पण अ‍ॅसिडचं नावही नाही. मी असतो तर तो पहिला लिहिला असता. कार्बोनेट ओळखायला आपण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब वापरतो, पाणी घालून पातळ केलेलं. पातळ म्हटलं की मुलांना ते गुलाबपाणी वाटतं. कॅल्साइटवर फसफस बघितली की मजा येते आणि मग ट्रेमधल्या प्रत्येक दगडाला अभिषेक सुरू. एकदा एकानं ड्रॉपर दाबून थेट मित्राच्या दिशेनं उडवला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. त्या दिवसापासून माझ्याकडे बाटली एकच, माझ्या टेबलावर, गॉगल घालून एकेकानं यायचं, एक थेंब, मग दगड धुऊन पुसून परत. याला सवलत नाही, ओळखीच्याला नाही, प्राचार्यांच्या पुतण्याला नाही. हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत सांगायचं असतं, म्हणून प्रॅक्टिकलला उशीर चालत नाही. दगड चाटून बघायचा नाही, हेही याच कागदावर येऊ द्या. जुने भूवैज्ञानिक सैंधव चाटून ओळखायचे हे खरं, पण एका तुकड्यावर ६२ जिभा आणि आदल्या बॅचचं अ‍ॅसिड, हे नको.

आणि हा थेंब किती फसवतो तेही त्यांना एकदा फसू देऊन शिकवा. आपल्याकडच्या काळ्या दगडात पांढरे ठिपके असतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाण्यानं आणलेली खनिजं बसली. त्यात कॅल्साइट असेल तर थेंब टाकताच फसफसतं. दर वर्षी चारपाच मुलं धावत येऊन सांगतात, 'सर, हा चुनखडक!' तेव्हा भिंग हातात द्यायचं आणि विचारायचं, फसफसतंय कोण? दगड की ठिपका? तो क्षण चुकवू नका. मुलगा पुन्हा वाकून बघतो, काळ्या भागावर काही होत नाही हे त्याला दिसतं आणि तो स्वतःच जीभ चावतो.

इथून मी गुणांकडे येतो, कारण 'गुणांबाबत चर्चा नाही' हा तुमच्या कागदावरचा सगळ्यांत वाईट नियम आहे. खनिज ओळखा, गुण पाच. यातला नावाला एक द्या, उरलेले चार निरीक्षणाला: चमक, कठीणपणा, कस (घासल्यावर उठणाऱ्या रेघेचा रंग), पाटन (ठरावीक दिशांना फुटणं), जे लागू असेल ते. पांढरं, काचेसारखी चमक, नखानं नाही पण सुरीनं ओरखडा, तीन दिशांना तिरपं फुटतं, हे लिहून शेवटी कुणी कॅल्साइटऐवजी डोलोमाइट लिहिलं तर त्याला चार मिळाले पाहिजेत. नुसतं 'कॅल्साइट' लिहिणाऱ्याला एक. हे पहिल्या दिवशी सांगा आणि एक नमुना-उत्तर फळ्यावर सोडवून दाखवा. मग पाठांतर करणारे आणि उडालेले कोपरे लक्षात ठेवणारे आपोआप रस्त्यावर येतात. पेपर हातात मिळाल्यापासून आठवडाभरात, लेखी, 'या ओळीला गुण का नाहीत' असं विचारायची मुभा ठेवा. 'मॅडम, दोन मार्क वाढवा ना' या अर्जाला उत्तर द्यायची गरज नाही.

जर्नलबाबत मी तुमच्याहून कडक आहे. चित्र जागेवरच, पेन्सिलनं, दगड समोर ठेवून. त्याच दिवशी सही. घरी नेऊन शाईनं गिरवलेलं, मैत्रिणीचं बघून काढलेलं सुंदर चित्र मला नको. पण उशीर झाला तर शून्य, हे चूक. सर्टिफाय केलेलं जर्नल नसेल तर मुलाला प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, मग तुमच्या शून्यानं काय होतं? मूल पुढची सगळी जर्नलं सोडून देतं आणि मार्चमध्ये एका रात्रीत दुसऱ्याचं उतरवतं. त्याऐवजी महिन्यातून एक दुपार 'राहिलेल्यांची' ठेवा. ज्याचं प्रॅक्टिकल बुडालं त्यानं तेव्हा येऊन करावं. आजारपण, गाडी, घरचं कार्य, कारण विचारत बसू नका. ती दुपार सगळ्यांना सारखी. विभागप्रमुखांकडून तिचा तास तुमच्या बिलात धरला जाईल एवढं मात्र आधी बघा. फुकटची दुपार तासिकेवरच्या बाईनं देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जर्नलच्या नियमाला दुसरी बाजू पण असते. मी शिकत होतो तेव्हा आमच्या एका सरांनी जुलैत घेतलेली जर्नलं मार्चमध्ये परत दिली, पानापानावर लाल फुल्या आणि एक शब्द नाही. कशावर फुली, चित्रावर की नावावर, ते मला आजही माहीत नाही. मुलांनी त्याच दिवशी द्यायचं असेल तर तुम्ही आठवड्यात परत द्यायचं, आणि हे कागदावर लिहायचं. तुमच्या २१ नियमांत तुम्हाला बांधणारा एकही नियम नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

मोबाइल जप्त करू नका. परीक्षेत बंद, एरवी हातात. भिंग कॅमेऱ्यावर ठेवून काढलेल्या फोटोत स्फटिक किती छान दिसतात! फक्त फोटोत मापासाठी नाणं किंवा पेन ठेवायची सवय लावा, आणि फोटो चित्राच्या जागी चालणार नाही हे सांगा. चित्र काढताना डोळा कडेनं फिरतो, फोटोत तो फिरत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री नऊनंतर उत्तर देणार नाही, हे मात्र जरूर लिहा.

एआयबद्दल तुम्ही चिंतेत दिसता. 'डेक्कन ट्रॅपवर', म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर, 'टिपण लिहा' असं सांगितलंत तर ६२ टिपणं येतील, सगळी गुळगुळीत, सगळ्यांत ६.६ कोटी वर्षं आणि पाच लाख चौरस किलोमीटर. आकडे बरोबर आहेत, शिकलं कुणीच नाही. त्यापेक्षा 'माझ्या इमारतीतले पाच दगड' हा विषय द्या. ओट्यावरचा कडप्पा, जिन्यातला कोटा, गावच्या घरात असेल तर शहाबादी. हे तिन्ही चुनखडक, एक आंध्रातला, एक राजस्थानातला, एक कर्नाटकातला. कडप्प्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवलं तर सकाळी तिथली चमक गेलेली दिसते. कोपऱ्यात करा म्हणावं, आई ओरडेल. बिल्डरनं 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून लावलेला काळा कुळकुळीत दगड भूशास्त्राच्या हिशेबात बहुधा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आजीचा पाटा-वरवंटा निघाला तर उत्तमच. तो आपला काळवत्री, आणि टाकी लावल्यावर त्याचे ताजे टवके कसे दिसतात ते आजीला विचारावं. कुणाच्या घरात काय आहे ते एआयला ठाऊक नाही. भाषा सुधारून घेतली तर घेऊ द्या, निरीक्षण त्याचं असलं की झालं. आर्ट्सच्या मुलांना उत्तरं मराठीत लिहायला चालतील का, ते परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. जांभा, मुरूम, काळवत्री, गारगोटी हे शब्द त्यांच्या घरात आहेत, ते प्रयोगशाळेच्या दाराशी काढून ठेवायला लावू नका.

आता डोंगर, आणि त्या मुलीची आई.

'न आल्यास नापास' हे काढा, आजच काढा. दम्याचं मूल असतं, पाय अधू असलेलं असतं, रविवारी मॉलमध्ये काम करून फी भरणारं असतं. ट्रिपचे गुण ठेवा, पण तेवढ्याच गुणांचं दुसरं काम शेजारी लिहा. ठाणे-वाशी गाडीत ऐरोली ते घणसोली पूर्वेच्या बाजूला पारसिकची रांग दिसते. खिडकी मिळाली तर तिची कडा कागदावर काढायची, पायऱ्या मोजायच्या. लाव्हाचे थर एकावर एक बसले, झिजताना पायऱ्या पडल्या. ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. घाटावर हे थर जवळजवळ आडवे आणि आपल्या किनाऱ्याकडे पश्चिमेला कललेले. त्या वाकण्याला पुस्तकात पनवेल फ्लेक्शर म्हणतात. १९४९ साली ऑडन नावाच्या भूवैज्ञानिकानं ते नाव दिलं, इंग्रजी कवी ऑडनचा हा थोरला भाऊ. पनवेलला एसटी बदलणाऱ्या पोरांना हे सांगून बघा, एकदम कॉलर ताठ होते.

त्या आईला नियम दाखवू नका, फोन करा. तिचा प्रश्न 'डोंगर' हा नसतो. कुठे, कोण कोण, किती वाजता परत, बरोबर बाई शिक्षिका आहे का आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे, हे तिला हवं असतं, आणि यातला शेवटचा प्रश्न कुणीच तोंडानं विचारत नाही. मी पहिली दहा वर्षं जागा ठरवताना फक्त दगड बघायचो. मग एका विद्यार्थिनीनं सांगितलं की मुली ट्रिपच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तेव्हापासून जागा ठरवताना आधी ते बघतो, दगड सगळीकडे आहेत.

पावसाळ्यात जाऊ नका. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचे फोटो मुलं पाठवतील, हट्ट करतील. तुमचं उत्तर एकच, 'नाही'. १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळवाडीवर डोंगर आला, तो तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. पावसानं मुरलेला उतार आणि त्याखालची माणसं हे प्रकरण तासाला नकाशा पसरून शिकवा, उताराखाली उभं राहून नाही. डिसेंबर-जानेवारी बरा. रविवार ठेवणार असाल तर आधी मेगाब्लॉक बघा, हसू नका, माझ्या दोन ट्रिप्स त्यात गेल्या आहेत. येऊरला जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलून आणायचा नाही, तिथे हातोडा घरीच. दगडखाणीत जायचं तर मालकाची लेखी परवानगी, उभ्या कड्याच्या पायथ्याशी कुणी थांबायचं नाही. हातोडा पाच जणांत एक, गॉगल लावल्याशिवाय मारायचा नाही, समोर माणूस असताना तर नाहीच.

तुमच्या मैत्रिणीच्या 'सगळ्यांना पास कर'बद्दल. ६२ जणांतला एकही बहुधा भूवैज्ञानिक होणार नाही, हे मान्य. पण त्यातले निम्मे तरी दहा-पंधरा वर्षांत फ्लॅट घेतील, कुणी डोंगर कापून केलेल्या सपाटीवर, कुणी खाडीत भर टाकलेल्या जमिनीवर. ब्रोशर हातात आल्यावर 'ही जमीन आधी काय होती?' एवढा एक प्रश्न त्यांना सुचला पाहिजे. सुचण्यापुरतं तरी शिकवून मग पास करा. ४० टक्के काही फार नाहीत.

सेमिस्टर सुरू झाल्यावर नियम बदलता येतात का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सैल करायला येतात, आवळायला नाही. आधी सांगितलं नाही त्याचे गुण कापता येत नाहीत. आता आवळायचा तो एक अ‍ॅसिडचाच, तो सुरक्षिततेचा आहे, त्याला गुण जोडू नका. नवा कागद एका पानात बसवा, खाली तारीख घाला, विभागप्रमुखांची सही घ्या. ते कुरकुरतील. प्रत्येक नियमापुढचा कारणाचा रकाना त्यांना दाखवा. वचक बसवायला सांगणाऱ्यांना बहुधा कारण कुणी दाखवलेलंच नसतं. मग वर्गात जुना कागद हातात घेऊन सांगा, की हा मी घाईत केला होता, हा घ्या नवा. किंमत राहील का म्हणता? कमी होणार नाही, माझं ऐका. मी एकदा फळ्यावर थराची आडवी दिशा आणि त्याच्या उताराची दिशा उलटी काढली होती, स्ट्राइकच्या जागी डिप. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं दाखवून दिल्यावर पुसून सरळ केली. ती पुढे भूशास्त्रातच एम.एस्सी. झाली, आणि अजून दर दिवाळीला फोनवर तीच आठवण काढते.

पहिल्या प्रॅक्टिकलला ट्रे वाटायचं काम त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे द्या. नंबर त्यालाच बदलायला सांगा.